पुढारीण आणि आत्याबाईचे कान

पागेत सगळे तिला पुढारीण म्हणायचे. निवडणूक तिने कधी लढवली नव्हती, भाषण ठोकलं नव्हतं, कुणाला कसलं आश्वासनही दिलं नव्हतं. पण गिऱ्हाइकांना घेऊन डोंगरावर घोड्यांची रांग निघाली की सगळ्यांत पुढची घोडी तिची, हे गेली एकवीस वर्षं ठरलेलं. म्हणून पुढारीण. हे नाव नालबंदाने पाडलं होतं. नालबंद म्हणजे पागेतल्या घोड्यांना नाल ठोकणारा गडी. ठोकाठोकी संपली की हाच रांगेच्या शेवटच्या घोड्यावर बसायचा आणि उरलेला वेळ लोकांची टिंगल करण्यात घालवायचा.

वय छप्पन्न. उंची अशी की घोडीवर चढायला तिला बादली उपडी घालावी लागायची. कुणी हात द्यायला पुढे आलाच, तर ती त्याच्याकडे असं बघायची की तो हात मुकाट्याने खिशात जायचा. पागेत येण्याआधी बारा वर्षं तिने लाकूड कापायच्या कारखान्यात काढली होती, मोठ्या करवतीच्या अगदी शेजारी. कारखाना बंद पडला आणि बाई घोड्यांकडे आली. करवतीने तिच्याकडून काय नेलं, ते मात्र तिला फार उशिरा कळलं. ते पुढे येईलच.

आधी घोडी. करड्या रंगाची, एकोणीस वर्षांची, पुढारणीची दुसरी घोडी, नाव आत्याबाई. नवा माणूस पागेत आला की ती त्याला आधी नाकाने वरपासून खालपर्यंत तपासायची आणि मग तोंड फिरवायची. नाव दुसरं काय ठेवणार? आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं लोक म्हणतात. या आत्याबाईला मिशाही होत्या, चांगल्या बोट बोट लांब. तरी तिला काका म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पाठीवर पुढारणीशिवाय दुसऱ्या कुणाला ती बसू देत नसे आणि दुसऱ्या घोड्याच्या मागून चालणं तिला कमीपणाचं वाटे.

पुढारणीच्या रांगेचे दोन कायदे होते. पहिला असा, की अंगणातून निघण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाने आपला घोडा दहा पावलं मागे चालवून दाखवायचा. पुढे नव्हे, मागे. पुढे काय, घोडा आपला आपण जातो. लगाम हलकेच मागे, टाचा गप्प, आणि मोजून दहा पावलं. ज्याला जमणार नाही त्याला ती जमेपर्यंत सोडायची नाही, मग तो कारखानदार असो की पैलवान. यात रोज पंधरावीस मिनिटं जायची आणि पागेच्या मालकाचा जीव वरखाली व्हायचा. "अहो पुढारीणबाई, लोक डोंगर चढायला येतात, मागे सरकायला नाही," तो म्हणायचा. "मागे सरकायला घरी कोण शिकवतं त्यांना?" ती म्हणायची. मालक तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता, आणि वाद घातला की तो हरायचा हे त्यालाही पाठ झालं होतं.

दुसरा कायदा तिने स्वतःलाच लावून घेतला होता. वाटेतल्या प्रत्येक वळणाआधी ती खणखणीत हाक द्यायची, "येतोय होऽऽ!" गिऱ्हाइकं हसायची. मग ती मान न वळवता समजावून सांगायची. जंगलातल्या जनावराला घोड्यावर बसलेला माणूस माणूस वाटत नाही. त्याला वाटतं, एक उंचसं चार पायांचं काहीतरी आपल्या वाटेने चाललंय, चालू दे. त्यामुळे हरणं दहा पावलांवर गेलं तरी मान वर करत नाहीत. बघायला फार छान, पण दर वेळी समोर हरीणच असेल असं कुणी लिहून दिलंय का? "कुणाच्या घरी जाताना आपण कडी वाजवतो की नाही? मग! हे त्यांचं घर आहे."

आता करवतीचं. पुढारणीचा नवरा घड्याळजी. बाजारपेठेच्या गल्लीत त्याचं चिंचोळं दुकान आणि दुकानामागे दोन खोल्यांचं घर. दुकानात मावत नाहीत ती घड्याळं घराच्या भिंतींवर. सत्तर तरी असतील, आणि एकाची टिकटिक दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. पाहुण्यांना त्या घरात झोप लागायची नाही. चार वर्षांपूर्वी एका सकाळी ती उठली, चूल पेटवली, आणि म्हणाली, "अहो, सगळी घड्याळं एकदम बंद पडली की काय?"

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याने भिंग काढलं, भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. लंबक हलत होते. काटे पुढे जात होते. तो उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

डॉक्टर म्हणाले, डावा कान कामातून गेला, उजवा निम्मा उरलाय, आणि हे आजचं नाही, करवतीने वर्षानुवर्षं थोडं थोडं खाल्लेलं आहे. कानात घालायचं यंत्र मिळालं. घरात ते ठीक होतं. डोंगरावर त्यातून वाऱ्याशिवाय काहीच ऐकू येईना, तेव्हा ते खणात पडलं. दुसऱ्या दिवशी ती यंत्राशिवायच रांग घेऊन निघाली. आणि पहिल्या चढावरच तिच्या लक्षात आलं की आपण गेली कित्येक वर्षं कानांनी डोंगर ऐकतच नव्हतो. सगळ्यांत पुढे बसणाऱ्याला दिवसभर दिसतं काय? घोडीचे दोन कान आणि त्यांच्या मधून वाट. ती ते कानच बघत आली होती. एक कान बाजूला जाऊन लगेच परत आला, तर पक्षी. दोन्ही पुढे आणि मान सैल, तर हरीण किंवा ससा, रोजची ओळख. दोन्ही पुढे, मान ताठ आणि कानांची टोकं एकमेकांना लागायला आलेली, तर काहीतरी मोठं आहे, थांबा. आपली हाक पुरेशी मोठी निघाली का, हेसुद्धा तिला आत्याबाईच सांगायची. हाक पोहोचली की डावा कान झटकन मागे, तिच्याकडे वळायचा.

पागेत तिने या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. तसाही त्यातला एक रजेवरच होता.

तर असं सुरळीत चाललं होतं, आणि वनखात्याचा नवा नियम आला. पलीकडच्या कुठल्याशा डोंगरावर घोडे उधळून माणसं पडली होती. यापुढे रांगेच्या पुढे बसणाऱ्याकडे परवाना हवा. परीक्षक स्वतः रांगेत बसून बघणार, अकरा रकान्यांचा अर्ज भरणार, आणि मग ठरवणार. मालकाने अर्जाचा नमुना पागेच्या दारावर चिकटवला. सातवा रकाना होता, श्रवणशक्ती.

"नापास होऊ नका हो," मालक म्हणाला. "झालात तर मला तुम्हाला तिकीटखिडकीवर बसवावं लागेल. आणि आत्याबाईला ठेवून तरी काय करू? दुसऱ्याला बसू देत नाही, कुणाच्या मागून चालत नाही. खालच्या कुरणावर सोडून द्यावी लागेल." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण खरं तेच त्याने सांगितलं.

त्या रात्री जेवताना घड्याळजी तिच्या समोर बसला, म्हणजे तिला त्याचे ओठ दिसावेत. "आधीच सांगून टाक."

"झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकता येते गं. कान कसा झाकशील?"

तिने त्याला भात वाढला.

परीक्षक बाई आल्या त्या बरोबर आठ वाजता. पस्तिशीच्या, चष्म्याच्या, काखेत कागद लावायची फळी. आणि आवाज असा मऊ, की मांजरालासुद्धा विचारावं लागलं असतं, काय म्हणालात? पुढारणीने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. बरोबर गिऱ्हाइकं दोन, एक शिंपी आणि त्याची बायको. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दोघं जन्मात पहिल्यांदा घोड्यावर बसत होती.

अंगणात दहा पावलांचा कायदा सुरू झाला. शिंप्याच्या बायकोला पहिल्या झटक्यात जमलं. शिंप्याला चौथ्यांदा. परीक्षक बाई बाजूने बघत होत्या, तर पुढारीण त्यांच्याकडे वळली. "तुम्हीपण."

"मी परीक्षा घ्यायला आलेय," बाई म्हणाल्या. पुढारणीने ओठ वाचले.

"ते ठीक. पण घोड्याला ते माहीत नाही."

बाईंचा घोडा तिरका जाऊन पाण्याच्या हौदाला टेकला. "पुन्हा," पुढारीण म्हणाली. दारात उभ्या असलेल्या मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. नालबंद नालांची पेटी उघडून तिच्यात तोंड खुपसून हसत होता. तिसऱ्यांदा बाईंची दहा पावलं सरळ गेली आणि रांग निघाली. पुढे पुढारीण, मग परीक्षक बाई, मग शिंप्याची बायको, मग शिंपी, शेवटी नालबंद.

"चालत्या रांगेत प्रश्न नाहीत," तिने निघतानाच बजावलं होतं. "काय विचारायचं ते वर, विसाव्याच्या जागी." कारण तुम्हाला माहीत आहे, बाईंना नव्हतं. विसाव्याच्या जागी तिने बाईंना अशा दगडावर बसवलं की ऊन सरळ त्यांच्या तोंडावर पडावं. प्रश्न आले, उत्तरं गेली. कोणतं फळ कधी पिकतं, पिकलं की कोण खायला येतं, लेकुरवाळ्या मादीची ओळख कशी, घोडा लंगडला तर काय. एकही उत्तर अडलं नाही. शिंप्याची बायको म्हणालीसुद्धा, "यांना तर सगळं तोंडपाठ आहे हो." पुढारीण मनात म्हणाली, आता फक्त उतरायचं आहे.

उतरणीच्या वाटेवर ओढा लागतो. तिथे पाण्याचा आवाज एवढा की चांगल्या कानांच्या माणसालाही शेजारचं ऐकू येत नाही. डाव्या अंगाला रानफळांची दाट झुडपं, उजव्या अंगाला खाली उताराची झाडं, आणि पुढे वळण. तिने छाती भरून हाक दिली, "येतोय होऽऽ!" आत्याबाईचा डावा कान मागे आला, हाक घेतली, आणि पुढे जायच्या ऐवजी डावीकडे झुडपांवर जाऊन खिळला. उजवा कान मात्र तिकडे गेलाच नाही. तो उजवीकडे, खालच्या झाडांत, वरच्या फांद्यांवर लागला. आणि घोडी थांबली.

एकवीस वर्षांत पुढारणीने हे दोनदाच पाहिलं होतं. जनावर एक असलं की दोन्ही कान त्याच्याकडे जातात. कान असे फाकले, तर जनावरं दोन. एक झुडपात, एक झाडावर. झाडावर चढून बसतं ते लहान असतं, आणि झुडपात असते ती त्याची आई. आणि मायलेकरांच्या बरोबर मधून जाणारी वाट म्हणजे ही, जिच्यावर पाच घोडे उभे होते.

तिने मूठ वर केली. सगळे थांबले. मागे वळून पाहिलं तर नालबंदाचा लाल रुमाल हवेत होता, म्हणजे दिसलं, कळलं. तोंडाने बोलायचं तिने टाळलं. आपला आवाज कुजबुजीएवढा निघतोय की बोंब होतेय, हे तिला स्वतःला कळत नव्हतं, आणि आत्याबाईचे कान आत्ता दुसऱ्या कामात होते. तिने पंजा उघडून हवेत मागे ढकलला. एकदा, दोनदा.

आणि मग पाचही घोडे मागे चालू लागले. वळायचं नाही, गर्दी करायची नाही, पाठ दाखवायची नाही. लगाम हलकेच मागे, टाचा गप्प. नालबंदाचा घोडा आधी, मग शिंपी, मग त्याची बायको, मग परीक्षक बाई, आणि शेवटी, तोंड वळणाकडे ठेवून, आत्याबाई. शिंप्याचे ओठ हलत होते. तो पावलं मोजत होता. दहा झाली, वीस झाली, बाविसाव्या पावलाला मोकळा माळ लागला आणि रांग तिथे थांबली.

तेव्हा तिने पुन्हा हाक दिली. "येतोय होऽऽ! सावकाश जा गं बाई, आम्ही थांबलोय!"

झुडपं हलली आणि अस्वलाची मादी वाटेवर आली. काळीभोर, ओलं नाक, तोंडाला फळांचा रस लागलेला. तिने रांगेकडे पाहिलं आणि मागच्या दोन पायांवर उभी राहिली, चांगली पुरुषभर. शिंप्याच्या बायकोने डोळे मिटले आणि लगेच उघडले, कारण असं पुन्हा कधी दिसणार? घोडे थरथरत होते. आत्याबाई हलली नाही. तिने मान उचलली, नाकपुड्या फुगवल्या, आणि समोरच्या बाईला वरपासून खालपर्यंत नाकाने तपासलं.

मादीने तोंडाने काहीतरी आवाज केला. पुढारणीला तो ऐकू आला नाही, घोडीच्या कानांत दिसला. उजवीकडच्या झाडावरून एक पिल्लू साल खरवडत घसरत आलं, धपकन पडलं, उठलं, धडपडत वाट ओलांडून आईच्या पायांत शिरलं. मादी खाली टेकली. दोघं झुडपांत गेली. आत्याबाईचे दोन्ही कान आधी त्यांच्या मागे गेले, मग सैल झाले, मग तिने एक लांब फुरकारा टाकला. पुढारणीने तिची मान थोपटली. 

शिंपी मागून म्हणाला, "बापरे, काय प्रसंग!"

"पुढे मी होते," त्याची बायको म्हणाली. "एवढं लक्षात असू द्या."

अंगणात परत आल्यावर परीक्षक बाईंनी हौदाच्या कठड्यावर फळी ठेवली आणि भराभर अर्ज भरला. मग हसत हसत तो पुढारणीपुढे धरला. खाली सही करायची होती. मालक खांद्यावरून वाकून वाचत होता आणि प्रत्येक रकान्यागणिक फुलत होता. पुढारणीने पेन घेतलं आणि सातव्या रकान्यापाशी ते थांबलं. बाईंनी लिहिलं होतं, 'श्रवणशक्ती असामान्य. ओढ्याच्या आवाजात आम्हां कोणासही काही ऐकू आले नसता यांनी जनावराची चाहूल घेतली. निसर्गदत्त देणगी.'

सही केली की झालं. पुढची जागा तिची, घोडी तिची, तिकीटखिडकी गेली खड्ड्यात. चार सेकंद ती त्या शेवटच्या दोन शब्दांकडे बघत राहिली, आणि तिला जो राग आला तो तिलाही आवरेना.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"काय?"

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्याने निम्मं. तुम्ही सकाळपासून माझ्या पाठीमागे काही बोलला असाल, तर त्यातला एक शब्द मला ऐकू आलेला नाही." बाईंचं तोंड उघडंच राहिलं. "मी चाहूलबिहूल काही घेतली नाही. तिने घेतली, त्या घोडीने. मी तिचे कान वाचले. आणि देणगी कसली हो? कुणी दिली? एकवीस वर्षं रोज बघून बघून शिकलेय मी ते. देणगी म्हणे!"

मालकाने कपाळावर हात मारला. "हात दाखवून अवलक्षण! अहो, काय गरज होती?"

परीक्षक बाईंनी अर्ज परत घेतला. मग त्यांनी फळी उचलली आणि पुढारणीच्या समोर येऊन, ओठ नीट दिसतील असं विचारलं, "दाखवाल?"

पुढारीण आत्याबाईच्या तोंडासमोर उभी राहिली, सगळ्यांकडे पाठ करून. "आता माझ्या मागे काय करायचं ते करा."

अंगण शांत झालं. ती घोडीच्या कानांकडे बघत बोलू लागली. "तुम्ही डावीकडे सरकलात. दोनेक पावलं. थांबलात. आता कान फडकला... हां, हातातल्या कागदाचा काहीतरी आवाज केलात." मागे बाईंच्या हातात चुरगळलेला कागद होता. "आता हौदापाशी कुणीतरी आलं. मालक असतील, कान हलला पण तिला काही विशेष वाटलं नाही." शिंप्याची बायको खुदकन हसली. "आता शेपटाकडून कुणीतरी चोरपावलाने येतंय, आणि तो नालबंद आहे. कान पाडले तिने. खिळ्यांचा राग आहे त्याच्यावर."

"वहिनी, हे बरं नाही," नालबंद म्हणाला, पण ते तिला ऐकू गेलं नाही.

मग बाई काहीच न करता उभ्या राहिल्या. कुणी हललं नाही. "आता काही नाही," पुढारीण म्हणाली. "काही नाही... थांबा. फाटकाकडे. रस्त्यावर. गाडी येतेय, मोठी आहे."

सगळ्यांनी फाटकाकडे पाहिलं. रस्ता रिकामा. मालकाने खांदे उडवले. शिंप्याने कानामागे हात धरला आणि मान हलवली. आणि मग, बऱ्याच वेळाने, खालच्या वळणावरून धडधडत चाऱ्याचा ट्रक वर आला.

परीक्षक बाईंनी सातवा रकाना आडव्या रेघेने खोडला. त्याच्या वर काही लिहिलं नाही. अर्ज फळीला लावला, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघून गेल्या.

निकाल यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस पुढारीण तिकीटखिडकीत बसली. दोन तिकिटं मागणाऱ्याला तिने बारा दिली. रस्ता विचारणाऱ्याला वजन विचारलं. डोंगराकडे तोंड करून आत्याबाई कुंपणाला उभी असायची. तिला दुसऱ्या दिवशी एका तरण्या घोड्याच्या मागे उभं करून पाहिलं, तर ती तिथेच बसकण मारून बसली. नालबंद रोज दुपारी खिडकीशी येऊन उभा राहायचा. चौथ्या दिवशी ती त्याला म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी तू हाका मारायचं सोडून तो लाल रुमाल फडकवायला लागलास. मला वाटलं मिरवतोयस."

नालबंदाने समोर येऊन, सावकाश, ओठ नीट हलवत सांगितलं, "मिरवतच होतो." आणि निघून गेला. तिने खिडकीची झडप ओढून घेतली आणि पदराने डोळे पुसले.

घरी घड्याळजीने विचारलं, "पस्तावलीस का?"

"मुळीच नाही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "थोडी."

दहाव्या दिवशी पाकीट आलं. मालकाने ते न फोडता खिडकीत आणून दिलं, एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं. आत दोन कागद. पहिला परवाना. सातव्या रकान्यात लिहिलं होतं, 'डावा कान नाही, उजवा निम्मा. घोडीचे कान वाचण्याचे कसब, एकवीस वर्षांच्या सरावाने.' आणि खाली अट होती. परवाना 'आत्याबाई' या घोडीवर असतानाच चालेल. घोडी बदलली की परवाना संपला.

ती अट तिने दोनदा वाचली. घोडी एकोणीस वर्षांची. चार वर्षं, फार तर पाच. मालक तिच्या तोंडाकडे बघत होता. "चालेल," ती म्हणाली. "दोघी एकदमच उतरू."

दुसरा कागद होता वनखात्याचं पत्रक. या डोंगरांवरच्या प्रत्येक पागेने प्रत्येक गिऱ्हाइकाकडून निघण्याआधी घोडा दहा पावलं मागे चालवून घ्यायचा, सक्तीने. मालकाने ते मोठ्या आवाजात वाचून दाखवलं, आणि तिसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांना सांगायला लागला की ही पद्धत आमच्या पागेने काढली, मी पहिल्यापासून म्हणत होतो. नालबंदाने हसून हसून पोट धरलं. पुढारीण मनात म्हणाली, म्हणू दे बापड्याला.

घड्याळजीने परवान्याला जुन्या भिंतघड्याळाची चौकट बसवून दिली. मालक म्हणाला, कचेरीत लावू. ती म्हणाली, नाही. तिने तो आत्याबाईच्या ठाणात टांगला, घोडीच्या डोळ्यांच्या उंचीवर, कारण सरकारी कागदावर नाव दोघींचं होतं. आत्याबाईने चौकट वरपासून खालपर्यंत नाकाने तपासली आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा घोड्यांची रांग निघाली. अंगणात सगळ्यांची दहा दहा पावलं झाली. पुढारणीने बादली उपडी घातली, घोडीवर चढली, आणि ते दोन कान पुन्हा तिच्यासमोर आले, मधून डोंगर. पहिलं वळण आलं. तिने छाती भरून हाक दिली. ती स्वतः तिला ऐकू आली नाही. आत्याबाईचा डावा कान झटकन मागे वळला, क्षणभर तिच्याकडे थांबला, आणि पुढे गेला. मग त्या दोघीही पुढे गेल्या.